मेंदू झिजवणारा आजार : जंतू की बिघडलेले प्रथिन?

बकरी ईद जवळ आली की मोबाईलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एक असतात बकऱ्यांच्या भावाचे. दुसरे असतात घाबरवणारे. भेजा खाऊ नका, त्यात मेंदू पोखरणारा जंतू असतो; परदेशात गायी वेड्या झाल्या, आता बकऱ्यांची पाळी आहे; असे काहीबाही त्यात लिहिलेले असते. मुले वर्गात विचारतात, पालकसभेला आलेल्या माताही विचारतात. आम्ही भंडाऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे, डॉक्टर नव्हे. पण कानावर आलेली खबर पुढे पाठवण्याआधी तिची छाननी करावी, हे दीनही शिकवतो आणि शाळाही. म्हणून या महिन्यात हा विषय नीट समजून घेऊ या. मेंदू झिजवणारे हे आजार कोणते, त्यामागे जंतू आहे असे कोण म्हणते, त्याला पुरावा किती, आणि वैनगंगेकाठच्या आपल्या घरांना त्यातून काय घ्यायचे आहे?

आजार तरी कोणता?

युरोपातल्या मेंढपाळांना हा आजार अठराव्या शतकापासून माहीत आहे. मेंढी अस्वस्थ होते, कुंपणाला अंग घासत राहते, लोकर झडते, चाल बिघडते आणि काही महिन्यांत ती मरते. अंग घासण्यावरून इंग्रजीत त्याला स्क्रॅपी हे नाव पडले. तो बकऱ्यांनाही होतो. मेलेल्या जनावराच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बारीक बारीक पोकळ्या दिसतात, भांडी घासायच्या स्पंजासारख्या. ताप नाही, सूज नाही, पू नाही. मेंदू नुसता पोकळ होत जातो.

माणसातही असाच एक आजार आहे. दोन जर्मन डॉक्टरांच्या नावावरून त्याला क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार म्हणतात. जगभर वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण एक-दोन जणांना तो होतो, बहुतेक साठीच्या आसपास. विसरभोळेपणा सुरू होतो, तोल जातो, हातपाय अचानक झटके देतात, बोलणे थांबते. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आतच जातात. दहातले आठ-नऊ रुग्ण असे असतात की त्यांना तो का झाला, याचे कारण सापडत नाही. काही घराण्यांत तो वारशाने येतो. फार थोड्यांना तो उपचारांतून झाला आहे. एके काळी मृतांच्या मेंदूतील ग्रंथीपासून वाढीचे संप्रेरक काढून मुलांना टोचत असत, त्यातून काही मुलांना पुढे हा आजार जडला. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील डॉक्टरांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला होता.

तिसरे उदाहरण पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले. तिथल्या फोरे जमातीत मृत नातेवाइकांचे शरीर खाण्याचा अंत्यविधी होता. त्यातून कुरू नावाचा थरथरीचा आजार पसरत असे, आणि बळी जास्त करून बायका आणि मुले ठरत. तो विधी बंद झाला तसा आजारही हळूहळू संपला. हा आजार चिंपांझींना देता येतो, हे दाखवणाऱ्या कार्लटन गाजदुसेक यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि चौथे, सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण ब्रिटनमधील गायींचे. १९८६ मध्ये तिथे हा आजार प्रथम ओळखला गेला. कत्तलखान्यात उरलेले मांस आणि हाडे दळून त्याची भुकटी गायींच्या खाद्यात मिसळली जात होती. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातभाईचे मांस खाऊ घालण्याचा हा प्रकार होता. १९८८ मध्ये त्यावर बंदी आली, तरी पुढे एकंदर एक लाख ऐंशी हजारांहून जास्त गायींमध्ये आजार नोंदला गेला. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितले की माणसांत, तेही तरुणांत, या आजाराचा एक नवा प्रकार दिसला आहे आणि त्याचा संबंध गायींच्या आजाराशी असण्याची शक्यता आहे. त्या नव्या प्रकाराने ब्रिटनमध्ये १७८ माणसे गेली. भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

विरजण आणि खडीसाखर

आता प्रश्न कारणाचा. हे वर्गात समजावताना आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी घेतो.

कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की रात्रीतून सगळ्या दुधाचे दही होते. कारण विरजणात जिवंत जीवाणू असतात, ते दुधात वाढतात. दूध उकळत असताना विरजण घातले तर जीवाणू मरतात आणि दही लागत नाही. बहुतेक संसर्गजन्य आजार असेच असतात. बाहेरून काहीतरी जिवंत आत शिरते आणि वाढते.

खडीसाखरेचे तसे नाही. साखरेच्या घट्ट पाकात दोरा सोडला आणि त्यावर एक खडा धरला की त्या खड्याभोवती पाकातलीच साखर त्याच रचनेत जमत जाते. इथे जिवंत काहीच नाही. साखर आधीपासून होतीच, तिने फक्त पहिल्या खड्याची घडण उचलली.

अमेरिकेतील डॉक्टर स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडले की मेंदू झिजवणारे हे आजार खडीसाखरेसारखे आहेत. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक प्रथिन असते. ते नीट घडीचे असते तोवर काही त्रास नाही. पण त्यातला एखादा रेणू चुकीच्या घडीचा झाला की शेजारच्या चांगल्या रेणूलाही तो आपल्यासारखा करतो. अशी साखळी वाढत जाते आणि पेशी मरतात. या चुकीच्या घडीच्या प्रथिनाला त्यांनी प्रायॉन हे नाव दिले. सुरुवातीला अनेकांनी त्यांची चेष्टा केली. जंतूशिवाय संसर्ग कसा होईल? १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या एका दुसऱ्या आजाराची लस मेंढीच्याच मेंदूपासून केली होती आणि फॉर्मॅलिनने निर्जंतुक केली होती. ती टोचलेल्या कितीतरी मेंढ्यांना दोनेक वर्षांनी स्क्रॅपी झाला. कुठलाही साधा जंतू फॉर्मॅलिनमध्ये टिकला नसता. पुढे १९६०च्या दशकात लंडनमध्ये टिकवाह आल्पर यांनी आजारी मेंदूच्या अर्कावर किरणांचा मारा केला. विषाणू नष्ट होईल एवढा मारा होऊनही अर्क आजार देतच राहिला. म्हणजे आजार देणाऱ्या वस्तूत डीएनएसारखे काही नसावे, असा संशय तेव्हापासूनच होता.

कवच नसलेला संशयित

पण सगळे शास्त्रज्ञ एका सुरात बोलत नव्हते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक बास्टियन यांना १९७९ मध्ये क्रॉइट्झफेल्ट-याकोबच्या एका रुग्णाच्या मेंदूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, स्क्रूच्या आट्यांसारखे मुरडलेले काही आकार दिसले. ते स्पायरोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूसारखे होते. पुढची कितीतरी वर्षे त्यांनी एकच गोष्ट लावून धरली. खरा गुन्हेगार हा जीवाणू आहे, आणि बिघडलेले प्रथिन म्हणजे त्याने मागे ठेवलेला कचरा.

स्पायरोप्लाझ्मा हा जीवाणूंमध्ये विचित्र प्राणी आहे. इतर जीवाणूंभोवती कडक भिंत असते, याला ती नसते. तो अतिशय लहान असतो आणि साध्या तपासणीत सहसा सापडत नाही. कीटकांत, गोचिडांत आणि वनस्पतींच्या रसवाहिन्यांत तो राहतो. सशांवरच्या गोचिडात सापडलेली त्याची एक जात उंदराच्या नवजात पिल्लांना टोचली तर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो आणि मेंदूलाही इजा होते. बास्टियन यांनी आजारी मेंदूंत या जीवाणूच्या जनुकांचे तुकडे सापडल्याचे लिहिले. २००७ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले की हा जीवाणू मेंढ्या, बकऱ्या आणि हरणांच्या मेंदूत टोचल्यावर तिथे स्पंजासारख्या पोकळ्या झाल्या. हा जीवाणू चिकट थर करून राहतो, म्हणून तो उष्णता आणि रसायनांना दाद देत नाही, अशी त्यांची पुढची मांडणी होती.

लंडनचे ॲलन एब्रिंगर यांनी तिसरीच वाट धरली. त्यांच्या मते ॲसिनेटोबॅक्टर या जमिनीत आणि पाण्यात आढळणाऱ्या जीवाणूचे काही भाग मेंदूतील घटकांसारखे दिसतात. शरीर त्या जीवाणूशी लढायला जाते आणि चुकून स्वतःच्या मेंदूवर हल्ला करते. येल विद्यापीठाच्या लॉरा मॅन्युएलिडिस यांनी अनेक वर्षे विषाणूची बाजू मांडली आहे.

वांग्याच्या बोकड्याची साक्ष

असल्या वेगळ्या मताला वेडगळ म्हणून उडवून द्यायचे का? भंडाऱ्याच्या माणसाने तरी तसे करू नये, कारण एक साक्ष आपल्या वावरातच आहे.

वांग्याच्या झाडाला कधी कधी बोकड्या येतो. पाने बारीक होत जातात, फांद्यांचा झुपका होतो, फुले धरत नाहीत. कृषी खात्याच्या पुस्तिकेत त्याला पर्णगुच्छ म्हणतात. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. जगभर असल्या झुपक्यांच्या रोगांना कित्येक दशके विषाणूजन्य मानले जात होते. जीवाणू शोधूनही सापडत नव्हता, मग विषाणूच असणार, असा तर्क होता. १९६७ मध्ये जपानमध्ये दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतीच्या रोगट झाडाच्या रसवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिथे भिंत नसलेले बारीक जीवाणू होते. झाडाला टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक दिल्यावर रोगाची लक्षणे काही काळ मागे हटली. पुढे वांग्याचा बोकड्याही याच कुळातल्या जीवाणूचा निघाला. स्पायरोप्लाझ्मा हा त्यांचाच भाऊबंद.

पोटातल्या अल्सरचेही असेच झाले. मसाला आणि काळजी यांना दोष देण्यात वर्षे गेली. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकात त्यामागे एक जीवाणू दाखवला तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा जीवाणूचा संशय घेण्यात गैर काहीच नाही. मात्र एकट्या पडलेल्या माणसाचे म्हणणे कधी कधी खरे ठरते, यावरून प्रत्येक एकट्याचे म्हणणे खरे असते असे होत नाही. संशयिताला कोर्टात उभे करावेच लागते.

पुराव्याचा निकाल

या जीवाणूला कोर्टात उभे केले गेले, एकदा नव्हे, अनेकदा.

पहिली गोष्ट, इतरांनी शोधले तेव्हा तो सापडला का? २००६ मध्ये एका वेगळ्या प्रयोगशाळेने स्क्रॅपी झालेल्या हॅमस्टर उंदरांचे मेंदू अतिशय बारकाईने तपासले. त्यांना स्पायरोप्लाझ्माची किंवा इतर कुठल्याही जीवाणूची जनुके मिळाली नाहीत. आजार होता, जीवाणू नव्हता.

दुसरी, जीवाणू टोचला तर आजार होतो का? अमेरिकेत रकून या प्राण्यांवर प्रयोग झाला. काहींच्या मेंदूत स्पायरोप्लाझ्मा टोचला, काहींच्या मेंदूत आजारी जनावराच्या मेंदूचा अर्क. अर्क टोचलेले रकून आजारी पडले. नुसता जीवाणू टोचलेल्यांना हा आजार झाला नाही.

तिसरी, ते प्रथिनच नसेल तर? झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने १९९३ मध्ये असे उंदीर वापरले की ज्यांच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नव्हते. त्यांना स्क्रॅपीचा अर्क टोचूनही आजार झाला नाही. एवढ्यावर जीवाणू निर्दोष सुटत नाही. ते प्रथिन म्हणजे जीवाणूला आत येण्याचे दार असेल, असे म्हणायला जागा राहते.

ती जागा चौथ्या प्रयोगाने फार अरुंद केली. २०१० मध्ये अमेरिकेत जियान मा यांच्या गटाने कुठल्याही आजारी प्राण्याचा अंश न घेता हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले, त्यात स्निग्ध पदार्थ आणि आरएनए मिसळून त्याची घडी बिघडवली आणि निरोगी उंदरांना टोचले. उंदीर आजारी पडले. विरजण कुठेच नव्हते, फक्त खडा होता.

रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट पाचवी. फ्रान्स आणि इटलीत क्रॉइट्झफेल्ट-याकोबच्या रुग्णांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन पाहिले. प्रयोगशाळेत हे औषध बिघडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्यांवर परिणाम करताना दिसले होते, म्हणून ते निवडले. टेट्रासायक्लीनच्या कुळातले असल्याने ते स्पायरोप्लाझ्मासारख्या जीवाणूंवरही चालते. २०१४ मध्ये निकाल आला. औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत.

म्हणून आज बहुतांश शास्त्रज्ञ प्रायॉनच्या बाजूला आहेत. पहिली घडी का बिघडते, हा प्रश्न अजून खुला आहे आणि त्यावर काम चालू आहे. पण मेंदू झिजवणारा जंतू सापडला, असे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो पुराव्याच्या पुढे धावतो आहे.

आपल्या भागातला खरा जीवाणू

गंमत अशी की ज्या डॉक्सिसायक्लिनने तिकडे काही साधले नाही, तेच औषध आपल्या भागात मेंदू वाचवते. फक्त आजार वेगळा आहे. वाचकांनी लेखातले बाकी सारे विसरले तरी हा भाग लक्षात ठेवावा.

पावसाळा आणि त्यानंतरचे महिने म्हणजे आपल्याकडे रोवणीपासून धान कापणीपर्यंतचा काळ. बांधीच्या धुऱ्यावर, झुडपांत, वाढलेल्या गवतात चिगर नावाचे बारीक किडे असतात. त्यांच्या अळ्या चावल्या की ओरिएन्शिया नावाचा जीवाणू शरीरात जातो. या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली होती. वेळेवर ओळखला नाही तर तो फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंत जातो. रुग्ण बरळतो, त्याला झटके येतात, शुद्ध हरपते.

उत्तर प्रदेशातील गोरखपूरचा अनुभव इथे आठवावा. तिथे वर्षानुवर्षे पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने जात होती. बराच काळ सगळे लक्ष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर होते. लसीकरण झाले, तरी मुले येतच राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात तपासले, तेव्हा त्यातला मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. ज्याला विषाणू समजत होते, तो पुष्कळदा जीवाणू होता, आणि त्याच्यावर साधे, स्वस्त औषध होते. वांग्याच्या बोकड्याने शिकवलेला धडा इथे माणसाच्या मुलांच्या कामी आला.

आपल्या विभागाचा दुसरा शत्रू मात्र विषाणूच आहे. नागपूरच्या चांदिपुरा भागात १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला, म्हणून जगभर त्याला चांदिपुरा म्हणतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट आणि रॉड्रिग्ज यांनी तो ओळखला. पुढे कित्येक वर्षे तो फारसा घातक समजला जात नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ गेली, तेव्हा त्याचे खरे रूप कळले. २००७ मध्ये आपल्याच नागपूर विभागात मेंदूज्वराच्या ७८ बालरुग्णांची नोंद झाली. त्यातली सुमारे ४४ टक्के मुले वाचली नाहीत, आणि तपासलेल्यांपैकी निम्म्यांत हाच विषाणू होता. वाळूमाशी तो पसरवते. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत ती राहते. तिच्यावर उपाय म्हणजे भेगा बुजवणे, गोठा घरापासून दूर आणि कोरडा ठेवणे, फवारणी करून घेणे आणि मुलांना मच्छरदाणीत निजवणे.

तेव्हा पावसाळ्यात मुलाला जोराचा ताप आला आणि ते बरळू लागले, झटके आले, सतत उलट्या झाल्या किंवा हाक मारल्यावर ओ देईना, तर एक तासही घरी घालवू नये. चांदिपुरात मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. मोठ्या माणसाचा ताप चार-पाच दिवस उतरत नसेल तर काख, जांघ, कमरेची घडी आणि केसांखालची जागा नीट पाहावी. विडी टेकवून भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. खपली नसली तरी शेतात, गवतात जाणे झाले असेल तर तसे सांगावे. गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. दम करून घ्यायचा तर दवाखान्याच्या वाटेवर करावा, दवाखान्याऐवजी नव्हे. झटके म्हणजे असर, बरळणे म्हणजे जिन, या समजुतीत कितीतरी घरांनी हातातला वेळ घालवला आहे.

बकरी, कुर्बानी आणि भेजा

आता मूळ सवालाकडे. भेजा खावा की नाही?

प्रायॉनपुरते बोलायचे तर घाबरण्याचे कारण नाही. मेंढ्यांचा स्क्रॅपी अडीचशेहून जास्त वर्षे माहीत आहे. एवढ्या काळात त्याचे मांस खाऊन माणसाला आजार झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. गायींचा आजार बकरीत आल्याचे एक नैसर्गिक उदाहरण फ्रान्समध्ये २००५ मध्ये पक्के झाले, म्हणून युरोपात तपासण्या वाढवल्या गेल्या. भारतात स्क्रॅपीची नोंद १९६१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत झाली होती. गायींच्या आजाराबाबत जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरले आहे. आपल्या बकऱ्या पाल्यावर, गवतावर, कोंड्यावर वाढतात, हीच त्यांची मोठी राखण आहे. उद्या कोणी स्वस्त म्हणून मांस-हाडांची भुकटी मिसळलेले खाद्य विकायला आणले, तर ते बकरीला घालू नये. एक गोष्ट खरी आहे की शिजवल्याने प्रायॉन मरत नाही. त्यासाठी १३४ अंशांची दाबाखालची वाफ आणि तीव्र रसायने लागतात, कुकर तिथवर पोचत नाही. आपली सुरक्षितता शिजवण्यात नाही, जनावर निरोगी असण्यात आहे.

आणि इथेच खरी सावधगिरी हवी. बकरी एकाच दिशेने गोल गोल फिरते, मान एका बाजूला वाकडी धरते, भिंतीला डोके टेकून उभी राहते, एक कान किंवा अर्धा चेहरा लोंबतो, लाळ गळते. अशा बकरीला वेडी म्हणून कमी भावात विकणारे आणि घेणारे दोन्ही भेटतात. तिच्या मेंदूत काहीतरी आहे, हे नक्की. तो लिस्टेरिया नावाचा जीवाणू असू शकतो. सडलेल्या, बुरशी आलेल्या चाऱ्यातून तो येतो, लवकर उपचार झाले तरच बकरी वाचण्याची आशा असते, आणि कच्च्या दुधातून किंवा नीट न शिजलेल्या अन्नातून तो माणसालाही होतो. गरोदर बाईचा त्यात गर्भपात होऊ शकतो. पोटातल्या बाळासाठी तरी दूध उकळूनच घ्यावे. दुसरे कारण पट्टकृमीचे, म्हणजे मेंदूत वाढणारी पाण्याची गाठ. तिसरे पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा. तसा संशय असेल तर जनावराच्या लाळेला आणि डोक्याला हात लावू नये, आणि ज्याचा हात लागला त्याने त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावे. कारण काहीही असो, असे जनावर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उघड आजार असलेले जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या नियमात आपल्या ताटाचीही राखण आहे.

आणखी एक सवय मोडायला हवी. ईदच्या दिवशी डोक्याची कवटी आणि नको असलेला भाग मोहल्ल्याबाहेर फेकला जातो, कुत्री तो ओढत नेतात. मेंदूतली ती पाण्याची गाठ कुत्र्याने खाल्ली की तिच्यातून त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि पुढच्या वर्षीची बकरी ते गवत चरते. हे चक्र आपणच चालू ठेवतो. खोल खड्डा करून हे सारे पुरावे, किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्यावे. आतड्या-काळजातल्या गाठींचेही तसेच. जनावर निरोगी असेल, भेजा ताजा असेल आणि मसाल्यात पूर्ण शिजला असेल, तर सिरी-पाया आणि भेजा खुशाल खावा.

घरात असा रुग्ण असेल तर

दहा लाखांत एक म्हटले तरी ज्या घरात तो एक असतो, त्या घराला हिशेब सांगून उपयोग नसतो. म्हणून चार शब्द त्यांच्यासाठीही.

महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने स्मरणशक्ती गेली, हातपाय झटके देऊ लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. एमआरआय, मेंदूचा आलेख आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करून निदानाच्या जवळ जाता येते. मेंदूज्वर, जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, शरीराने स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला अशी बरी होणारी कारणेही कधी कधी अशीच दिसतात, म्हणून तपासणी टाळू नये. क्रॉइट्झफेल्ट-याकोबच निघाला तर आज त्यावर औषध नाही. बरे करून देतो म्हणणाऱ्याला शेत विकून पैसे देऊ नयेत. झटके कमी करणारी, झोप देणारी औषधे असतात, ती घ्यावीत.

हा आजार हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. सुनेने सासूला भरवावे, नातवंडांनी जवळ बसावे. मृत्यूनंतर मय्यतीला हातमोजे घालून नेहमीसारखा गुस्ल देता येतो. शवविच्छेदन झाले असेल किंवा जखमेतून पाणी झिरपत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. भीतीपोटी कोणाचे शेवटचे स्नान राहू नये, आणि पाट्यावर झोपवलेल्या माणसाकडे शेजाऱ्यांनी पाठ फिरवू नये.

ईदला अजून अवकाश आहे. तोवर गोठा कोरडा करणे, भिंतीच्या भेगा लिंपणे, नगरपालिकेकडे खड्ड्याची जागा मागणे, ही कामे मोहल्ल्यात मिळून करता येतील. आणि मोबाईलवर तो मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याऐवजी काळ्या खपलीची आणि बरळणाऱ्या तापाची गोष्ट सांगणारा एक मेसेज आपणच लिहून पाठवू या.